विहीर एकाच ठिकाणी जाते, हे सिद्ध करताना

गणितात 'स्पष्टच' हा फार सोयीचा शब्द आहे. एखादी गोष्ट सिद्ध करता येत नसली, किंवा करायचा कंटाळा आला असला, की 'हे स्पष्टच आहे' असं लिहून पुढे सटकता येतं. माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या प्रकरणात मी तेच केलं होतं. 'नकाशातला प्रत्येक बिंदू एकाच वाटेने सरकतो आणि एकाच ठिकाणी पोचतो, हे स्पष्टच आहे.' या एका वाक्याने माझी जी फजिती केली, ती सांगायला बसले आहे. चूक माझी होती हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे इतरांना बोल लावायला मी मोकळी.

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवते. माहेर जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, केळीवाल्यांचं. सासर लागूनच्या तालुक्यातलं, कापूसवाल्यांचं. दोन्ही तालुक्यांची नावं सांगणार नाही, कारण दोन्हीकडचे लोक अजून मला जेवायला बोलावतात आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

माझा विषय नकाशांचा. साध्या नकाशात जमीन जेवढी तेवढा तालुका दिसतो. माझ्या नकाशात तालुका जमिनीच्या हिशेबाने नाही, पिकाच्या हिशेबाने दिसतो. केळी जास्त तो तालुका फुगतो, केळी कमी तो आक्रसतो. हे हाताने, अंदाजाने करायचं नसतं. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरत जातो, आणि शेवटी सगळं पाणी एकसारखं होतं. तसंच केळी नकाशावर पसरू द्यायची, आणि पसरताना ती ज्या वेगाने सरकतात त्याच वेगाने नकाशाच्या रेघा, गावं, रस्ते वाहू द्यायचे. सगळीकडे सारखी दाटी झाली की थांबायचं. तो वेग सांगणारं समीकरण म्हणजे माझी सात वर्षं.

हे मी आत्ता चार ओळींत सांगितलं. घरी सात वर्षं सांगितलं नव्हतं. आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर दिवाळीला विचारायचे, "काय शिकू राह्यली तू?" आणि मी फराळाच्या ताटावरून मान न उचलता म्हणायचे, "आबा, तुम्हाला नाही कळणार." आबा सातवी पास. मी एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आलेली. पहिली न आल्याचा राग मी कुठे ना कुठे काढतच असे.

एका दिवाळीला मात्र त्यांनी पिच्छाच पुरवला. मी वैतागून फक्त केळीचं तेवढं सांगितलं. आबांचे डोळे चमकले.

"म्हंजे आपला तालुका मोठा दिसीन?"

"दिसेल."

"अन् तुह्या सासरचा?"

"चिमेल."

आबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. केळी उत्पादकांचा मेळावा गावात व्हायचा होता आणि आबा स्वागताध्यक्ष होते. दोन मोठे फ्लेक्स हवेत. एक गेटवर, एक स्टेजच्या मागे. आणि दोन्हींवर आपली विहीर लाल ठिपक्याने दाखवायची.

विहिरीचं सांगायलाच हवं. आमच्या मळ्यातली विहीर दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. शिवेजवळ नाही, शिवेवर. सरकारी नकाशातली रेघ विहिरीच्या बरोब्बर मधून जाते. अर्धा कठडा आमचा, अर्धा त्यांचा. पाण्यावरून कधी भांडण झालं नाही, पण विहीर कुठल्या तालुक्यात, यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दोन पिढ्या विड्या ओढल्या आहेत. माझं लग्न त्या पलीकडच्या तालुक्यात झालं, तेव्हा वाद मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं असं की वादाला जवळची माणसं मिळाली.

पहिला नकाशा मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर केला. दुसऱ्याच्या वेळी लॅपटॉपने मान टाकली, म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या चांगल्या कॉम्प्युटरवर, नकाशाचे जास्त बारीक चौकोन पाडणाऱ्या जाळीवर, परत केला. गणित तेच, आकडे तेच, तालुका तोच. उत्तर वेगळं कशाला येईल? मी दुसऱ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. धुळ्यातच छापून दोन्ही फ्लेक्स गुंडाळले, एस.टी.त दोन सीटच्या मधे आडवे घातले, पारोळा-एरंडोलपर्यंत कंडक्टरची बोलणी खाल्ली, जळगावला पिंप्राळ्यात भावाकडे रात्र काढली आणि सकाळी त्याच्या गाडीतून गावी पोचले.

मेळाव्याला माझे सासरे पाहुणे म्हणून आले होते. रिटायर्ड तलाठी. आयुष्यभर नकाशे वाचून माणसाची नजर बिघडते. गेटवरचा फ्लेक्स त्यांनी चष्मा पुसून पाहिला, आत येऊन पहिल्या रांगेत बसले, स्टेजवरचा पाहिला. मग परत उठून गेटपर्यंत गेले. परत आले. तोवर आबांचं स्वागतपर भाषण रंगात आलं होतं.

"व्याही," सासरे उभे राहून म्हणाले, "गेटवर इहीर आमच्याकडे हाये, अन् स्टेजवर तुमच्याकडे हाये. नेमकी हाये कुठी?"

सगळा मंडप मागे वळून गेट पाहायला लागला. मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "लेकीसंगं इहीरबी आंदन देली का, आबा?" मग जो हशा उठला तो भजी येईपर्यंत चालला. आबांनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात दोनदा खोटं बोलले आहे, त्यातलं एक तेव्हाचं. मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक आहे."

धुळ्याला परत आल्यावर मी हा किस्सा आमच्या सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, रंगवून सांगितला. वाटलं होतं हसतील. सर हसले नाहीत. सर हसत नाहीत ही चांगली खूण नसते.

"कॉम्प्युटरची चूक कशावरून?" ते म्हणाले.

"सर, दोन उत्तरं आली."

"दोन्ही बरोबर असतील तर?"

त्यांनी माझा प्रबंध काढला, तिसरं प्रकरण उघडलं आणि लाल पेनाने 'स्पष्टच' या शब्दाभोवती इतकं जोरात वर्तुळ केलं की मागच्या पानावरही उमटलं. "तुमच्या विहिरीने विचारलेला प्रश्न बाहेरचे परीक्षक विचारणार. शिवेवरच्या बिंदूला जायला एकच वाट आहे की दोन? दोन असतील, तर तुमचा नकाशा हा नकाशाच नाही. चौथं-पाचवं प्रकरण त्यावरच उभं आहे. हे सिद्ध होईपर्यंत मी सही करणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. नोंदणीला दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. तिसरी शेवटची, आणि ती सत्र संपताना संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षं गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे सासऱ्यांना कारण कळलं असतं.

अडचण कुठे होती ते सांगते, घाबरू नका. एका जागेवरून सुरू केलं तर वाट एकच, असं सांगणारा एक जुना, भरवशाचा नियम आहे. पण त्याला एक गोष्ट लागते. शेजारशेजारच्या बिंदूंचे वेग फार वेगळे असता कामा नयेत. माझ्या शिवेवर एका बाजूला केळीच केळी आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही. त्यामुळे पहिल्या क्षणी तिथला वेग मोठा नाही, खूप मोठाही नाही, तर अनंत होता. पुढच्याच क्षणी तो आटोक्यात येतो, पण सुरुवातीलाच समीकरण फाटलेलं. भरवशाचा नियम तिथे हात वर करतो.

आणि नियम नसला की काय होतं, हे मी स्वतः वर्गात शिकवत होते. असं एक साधं समीकरण आहे, की त्याप्रमाणे चालणारी एस.टी. स्टँडवर कितीही वेळ उभी राहू शकते आणि मनाला येईल तेव्हा निघू शकते. आत्ता निघाली तरी समीकरणाप्रमाणे बरोबर, तासाने निघाली तरी बरोबर, निघालीच नाही तरी बरोबर. धुळे स्टँडवर बसलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. तर आमची विहीर अशी एस.टी. होती का, एवढाच प्रश्न होता.

मी तीन महिने भिंतीवर डोकं आपटलं. भिंत म्हणजे एकेका पुस्तकातली एकेक युक्ती. एक पकडायची, आठ पानं लिहायची, नवव्या पानावर तोच अनंत दात विचकत उभा. घरात मी येताजाता खेकसू लागले. नवरा बँकेत आहे, शांत माणूस, पण त्यानेही एकदा म्हटलं, "विहीर बुजवून टाकली तर चालेल का?" खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्का गेटशी भाजी निवडत बसायच्या, मी दिसले की विचारायच्या, "काय व बाई, व्हयनी का तुनी पीएचडी?" मी मागच्या दाराने जायला लागले. मागच्या दाराशी त्यांची सून बसायची, तीही तेच विचारायची.

मुदत संपायला पाच आठवडे राहिले असताना चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा निघाला. मी येत नाही म्हणाले. आबांचा फोन आला. "येजो," एवढंच म्हणाले आणि ठेवला. गेले.

मळ्यातच मांडव, जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. आमच्याकडे पंगत बसवणं हे आबांचं काम. कुठल्याही कार्याला यजमान कोणीही असो, पंगत आबांची. त्यांचे दोन नियम आहेत आणि ते मोडलेले मी पाहिले नाहीत. एक, बसलेल्या माणसाने उठायचं नाही, फक्त सरकायचं. दोन, पंगतीत मधे जागा रिकामी सोडायची नाही. जागा कमी पडली की उठवून दुसरीकडे बसवणं ही पाहुण्याची बेअब्रू, असं त्यांचं मत.

त्या दिवशी नवरदेवाकडचे लोक टेम्पोतून भुकेले उतरले आणि लांबलचक पट्टीच्या एका टोकाला खेटून बसले. दुसऱ्या अर्ध्यात आमच्याकडचे पाच-सहा जण ऐसपैस मांडी ठोकून. मधेच, जिथे गर्दी संपते आणि मोकळं सुरू होतं, बरोबर त्या जागी माझा नवरा आणि माझा भाऊ मांडीला मांडी लावून बसलेले. दोघे शाळेपासूनचे मित्र. मी वरणाची बादली आणि ओगराळं घेऊन वाढत होते.

आबा पंगतीच्या टोकाला उभे राहून गरजले, "सरका! बठ्ठे सरका!"

पहिल्या हिसक्याला जी धक्काबुक्की झाली ती त्या मधल्या जागेवरच झाली. टोकांना बसलेल्यांना कळलंही नाही. माझा नवरा कसनुसा होऊन म्हणाला, "आबा, आम्ही दोघं लांब जाऊ हो. आम्हाला बोलायचं आहे."

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात शेवटच्या बाकाकडे पाहते. "जावाई, तुमच्या दोघाच्या मधी आता कोनी हाये का?"

"नाही."

"कोनाले उठून मधी येऊ देईन का मी?"

"नाही."

"मधी रिकामी जागा राहू देईन का?"

"नाही."

"मंग लांब कसे जासान?"

मी तशीच थांबले. ओगराळं वाकडं झालं आणि वरण सासऱ्यांच्या बट्टीवर पडत राहिलं. बट्टी बुडाली, भाजी बुडाली, वरण पट्टीवरून वाहायला लागलं. सासरे "पुरे, पुरे" म्हणत होते, मग "अहो सूनबाई" म्हणाले, मग मांडी आवरून घेतली. उठले मात्र नाहीत, आबांचा नियम.

कारण सिद्धता संपली होती. समजा, एकाच बिंदूतून दोन वाटा फुटल्या. त्या दोन वाटांच्या मधे सुरुवातीला किती केळी? शून्य, कारण दोन्ही एकाच जागी. पसरताना वाट ओलांडून आत कोणी येऊ शकत नाही, बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून नंतरही मधे शून्य. पण नकाशावर कुठेही दाटी शून्य नसते, रिकामी जागा सोडायचीच नाही. मग मधे अंतर उरेलच कसं? दोन वाटा एकच. पहिल्या क्षणाचा वेग अनंत असू दे, नाहीतर आणखी काही. त्याच्याकडे पाहायचंच नाही. मी तीन महिने वेग मोजत बसले होते, आणि मोजायचं होतं मधे कोण बसलंय ते.

मी बादली तिथेच ठेवली आणि मांडवाच्या मागे जाऊन रडले. आनंदाने रडले असं सगळ्यांना सांगितलं. निम्मं खरं होतं. निम्मं रडू शरमेचं होतं, ते का हे मला तेव्हा धड कळलंही नाही.

सरांनी सिद्धता दोनदा वाचली. म्हणाले, "सुंदर आहे. पण पंगत ही रेषा आहे. जिल्हा रेषा नाही." सर असेच आहेत, लाडू देऊन त्यातला बेदाणा काढून घेतात. पण आता मला भीती नव्हती. शिवेला आडवं जाणं म्हणजे पंगत, आणि शिवेच्या बाजूबाजूने सरकणं इतकं सौम्य होतं की तिथे जुनाच नियम थोडी डागडुजी करून चालला. शीव सरळ किंवा हळूहळू वळणारी असली की सगळं बसलं. जिथे तीन तालुके एका टोकावर भेटतात, ते कोपरे मी 'पुढील अभ्यासासाठी' ठेवून दिले. 'स्पष्टच' हा शब्द सगळ्या प्रबंधातून काढला. सोळा ठिकाणी निघाला. मुदतीच्या दोन दिवस आधी सरांनी सही केली.

विहिरीचंही उत्तर निघालं. शिवेवरचा बिंदू शिवेबरोबरच जातो. म्हणजे फुगीर नकाशातही विहीर रेघेवरच राहते, ना आमच्यात ना त्यांच्यात. दोन्ही फ्लेक्स चुकीचे, कॉम्प्युटरच्या जाळीने ठिपका एकदा इकडे आणि एकदा तिकडे ढकललेला. हे कळल्यावर माहेर आणि सासर पहिल्यांदा एकमताने माझ्यावर नाराज झालं.

मौखिक परीक्षा जळगावला विद्यापीठात झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणजे कोणीही येऊन बसावं. एरवी दोन-तीन सहकारी येतात, चहासाठी. माझ्या वेळी गावाहून एक गाडी भरून माणसं आली. आबा पांढऱ्या टोपीत दुसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी सासरे. बाहेरचे परीक्षक दुरून आलेले, फार बारीक नजरेचा माणूस. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. शिवेवर वेग अनंत असताना उत्तर एकच कशावरून? मी फळ्यावर पंगत काढली. परीक्षकांनी चष्मा काढला, परत घातला आणि मान डोलावली. निकाल नंतर लागायचा होता आणि तो चांगला लागला, हे आत्ताच सांगून टाकते.

मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?" रीत अशी की कोणी विचारत नाही.

आबा उभे राहिले. विहीर काढतात आता, असं वाटलं. आबांनी टोपी नीट केली.

"तू आता म्हनली, वाट एकच हाये," ते म्हणाले. "दुसरी नहीच. मंग तुले सात वर्स काब्र लागले?"

हॉल हसला. परीक्षक मोठ्याने हसले. सरसुद्धा खळखळून हसले, तसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला चटपटीत उत्तर सुचलं होतं, वाट एक असणं वेगळं आणि एकच आहे हे दाखवणं वेगळं, वगैरे. तोंड उघडलं आणि ते आलंच नाही.

"आबा," मी म्हटलं, "तुम्हाला विचारलं नाही म्हणून."

आबा हसले नाहीत. खाली बसता बसता, माईक नसल्यामुळे फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "मी त घरीच व्हतो, पोरी."